काट्यांच्या मुळाशी: पाळीव हेजहॉग आणि माइट्स

हेजहॉग पाळणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. काटे गळायला लागले, अंगावर कोंडा दिसला, पशुवैद्यांनी तपासून माइट्स झाल्याचे सांगितले आणि औषध दिले. आठवड्याभरात खाज थांबली, प्राणी पूर्वीसारखा रात्री चाकावर धावू लागला, घरचे निश्चिंत झाले. आणि महिन्याभरात पुन्हा तोच कोंडा, तीच खाज. मग कोणी म्हणते औषध नकली होते, कोणी म्हणते किडे औषधाला सरावले. बहुतेक वेळा यातले काहीच खरे नसते. औषधाने आपले काम चोख केलेले असते. फक्त त्या कामाची हद्द कुठे संपते हे आपल्याला ठाऊक नसते.

ती हद्द कळायची तर आधी हा किडा राहतो कसा, खातो काय आणि वाढतो किती दिवसांत, हे पाहायला हवे.

काट्यांचा आसरा कोणाला?

घरोघरी पाळला जातो तो बहुतेक आफ्रिकन पिग्मी हेजहॉग. पूर्ण वाढल्यावर वजन साधारण ३०० ते ६०० ग्रॅम, आयुष्य चार-सहा वर्षांचे. दिसायला काटेरी असला तरी आपल्याकडच्या साळिंदराचा तो नातेवाईक नव्हे. साळिंदर उंदीर-घुशींच्या गणातला, कुरतडणारा प्राणी. हेजहॉग मुख्यतः किडे-अळ्या खाणारा. अमेरिकेने १९९१ च्या सुमारास आफ्रिकेतून त्याची आयात बंद केली, तेव्हापासून तिथले पाळीव हेजहॉग बंदिवासातच पैदा झालेले आहेत. जपानमध्ये तर २०१६ साली टोकियोच्या रोप्पोंगी भागात हेजहॉगना हातात घेऊन बसता येईल असा कॅफेच उघडला. मुंबई-पुण्यातल्या विदेशी प्राण्यांच्या शौकिनांकडेही तो अधूनमधून दिसतो.

त्याच्या पाठीवर काही हजार काटे असतात. आपले केस आणि नखे ज्या केराटिनची, त्याचेच हेही बनलेले. प्रत्येक काटा त्वचेतल्या आपापल्या मुळातून उगवतो. मांजर चाटून स्वतःला स्वच्छ ठेवते, कुत्रा खाज सुटली की दाताने कुरतडतो. हेजहॉगला पाठीवरच्या काट्यांच्या बुडाशी ना जीभ पोचवता येते ना दात. शत्रूला लांब ठेवणारे काटे अशा रीतीने किड्याला मात्र निर्धोक जागा मिळवून देतात.

या जागेचा सर्वांत नेहमीचा भाडेकरू म्हणजे कॅपेरिनिया ट्रायपिलिस नावाचा माइट. माइट्स हे कीटक नव्हेत. कोळी आणि गोचीड यांच्या कुळातले हे जीव. पूर्ण वाढलेल्याला आठ पाय, लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ब्रिटनमधून न्यूझीलंडला नेऊन सोडलेल्या युरोपीय हेजहॉगांवरही हाच माइट आढळतो, आणि तिथे १९७० च्या दशकातच त्याचा तपशीलवार अभ्यास झाला. तो त्वचेत बीळ खणत नाही, वरच्या पृष्ठभागावरच हिंडतो आणि मेलेल्या त्वचेचे कण व पाझरणारा द्रव यांवर जगतो. माणसाला खरूज देणाऱ्या सार्कोप्टेस गटाचे माइट त्वचेच्या आत बोगदे करतात, डेमोडेक्स केसांच्या मुळांत राहतो, तर कानातल्या माइटचा आणखी वेगळा प्रकार असतो. हेजहॉगला हे सगळे होऊ शकतात, पण पहिला संशय कॅपेरिनियावर घ्यावा.

मग काटा गळतो कसा? माइट काटा खात नाही, तोडतही नाही. त्याची लाळ, विष्ठा आणि पायांचे आकडे यांनी त्वचा सतत डिवचली जाते. त्वचा सुजते आणि बचाव म्हणून वरचे थर भराभर तयार करू लागते. ते थर सुकून पांढरट-पिवळट भुकटी आणि खपल्या होतात. सुजलेल्या त्वचेची काट्याच्या मुळावरची पकड सैल पडते आणि एरवी घट्ट बसलेला काटा हात लागताच निघून येतो. प्राणी मागच्या पायाने खाजवतो, त्याने जखमा होतात, जखमांत जिवाणू शिरतात. दुखणे वाढले तर खाणे मंदावते, वजन उतरते, आणि दुर्लक्ष झाल्यास प्राणी दगावूही शकतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. थोडेसे माइट अंगावर बाळगून एखादा हेजहॉग कित्येक दिवस अगदी ठणठणीत दिसू शकतो. प्रवास, घरबदल, थंडी, बाळंतपण, म्हातारपण किंवा दुसरा एखादा आजार यांनी त्याची प्रतिकारशक्ती खालावली की हेच थोडे माइट झपाट्याने वाढतात. म्हणून पोक्त वयाच्या, घरातून कधी बाहेर न गेलेल्या हेजहॉगला अचानक माइट्सचा जोराचा त्रास झाला, तर पशुवैद्य त्यामागे दुसरे काही आहे का हेही तपासतात.

गळणारा प्रत्येक काटा आजाराचा नसतो

आपल्या डोक्याचे केस रोज थोडे गळतात, तसेच हेजहॉगचे काटेही अधूनमधून गळतात. पिल्लांमध्ये तर दुधाचे दात पडावेत तसे काटे बदलतात. साधारण सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सहाव्या महिन्यापर्यंत टप्प्याटप्प्याने बारीक काटे पडून त्यांच्या जागी जाड काटे येतात. या काळात पिल्लू चिडचिडे होते, पिंजऱ्यात काटे पडलेले दिसतात. पण त्वचा स्वच्छ असते आणि नवे काटे डोके वर काढताना दिसतात.

काळजी करावी ती वेगळ्या चित्राची. पडलेल्या काट्याच्या बुडाशी खपली चिकटलेली आहे. डोळ्यांभोवती, कानांमागे, गालांवर आणि काट्यांच्या मुळाशी भुकटी साठली आहे. पाठीवर टकलाचे चट्टे पडले आहेत. प्राणी जागेपणीचा बराच वेळ खाजवण्यात घालवतो आहे. प्राण्याला काळ्या कापडावर थोडा वेळ फिरू द्यावे आणि पडलेला कोंडा भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहावा. त्यातला एखादा ठिपका चालताना दिसला, तर संशय पक्का होतो. काही हलताना दिसले नाही, म्हणून माइट नाहीत असे मात्र नाही.

याच लक्षणांची आणखी दोन नेहमीची कारणे आहेत. एक कोरडी त्वचा: थंड देशांत हिवाळाभर हीटर चालणाऱ्या किंवा आपल्याकडे चोवीस तास एसी असणाऱ्या खोलीत ती होते. दुसरी बुरशी. ट्रायकोफायटॉन एरिनेसी नावाची बुरशी हेजहॉगच्या नाका-कानांभोवती खपल्या आणते आणि हाताळणाऱ्या माणसालाही गजकर्ण देते. घरातल्या कोणाच्या हातावर लालसर, खाजरा चट्टा उठला असेल तर ते पशुवैद्यांना सांगावेच. निदानाला त्याची मोठी मदत होते. माइट आणि बुरशी एकाच प्राण्यावर एकत्रही सापडतात.

आधी निदान, मग औषध

पशुवैद्य बोथट पात्याने त्वचेवरचे थोडे कण खरवडतात किंवा पारदर्शक चिकटपट्टी त्वचेवर दाबून उचलतात आणि काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कॅपेरिनिया वरच्या थरातच राहत असल्याने तो बहुधा सहज सापडतो; बीळ करणारे माइट शोधायला खोल खरवडावे लागते. बुरशीचा संशय असला तर काटे आणि खपल्या वाढीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात. त्या निकालाला आठवडे लागू शकतात.

घाबरलेला हेजहॉग घट्ट गोळा होऊन बसतो आणि कितीही समजावले तरी उलगडत नाही. अशा वेळी आयसोफ्लुरेन या हुंगण्याच्या भुलीची थोडी मात्रा देऊन तपासणी केली जाते. भुलीच्या नावाने घाबरून जाऊ नये. त्या काही मिनिटांत डोळे, कान, दात, पोट असे सगळे नीट पाहून होते.

औषध नेमके काय करते?

माइट्सवरची बहुतेक औषधे एकाच घराण्यातली आहेत: आयव्हरमेक्टिन, सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन. यातले पहिले नाव कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघरी पोचले होते. त्याचा जन्म मात्र मातीतला. जपानी शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा यांनी १९७० च्या दशकात इतो शहराजवळच्या एका गोल्फ मैदानालगतच्या मातीतून एक जिवाणू मिळवला. त्या जिवाणूने तयार केलेल्या द्रव्यावर अमेरिकेत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम कॅम्बेल यांच्या गटाने काम केले आणि त्यातून आयव्हरमेक्टिन आले. १९८१ पासून ते जनावरांसाठी बाजारात आहे. या शोधासाठी दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माइटच्या मज्जापेशींवर आणि स्नायूंवर ग्लुटामेट या रसायनाने उघडणारी सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडली की ऋणभारित क्लोराइड आत शिरते आणि पेशी थोडा वेळ शांत होते. औषध या दारांना चिकटते आणि ती उघडीच ठेवते. क्लोराइड आत येतच राहते, पेशीला पुढचा संदेश पाठवता येत नाही, किडा लुळा पडतो आणि मरतो. सस्तन प्राण्यांच्या शरीरात ही विशिष्ट दारे नाहीत. त्यांच्याशी मिळतीजुळती दुसरी दारे आहेत, पण ती मेंदूत; आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत या औषधाला बाहेर ढकलणारे प्रथिन बसलेले असते. हेजहॉग वाचतो आणि माइट मरतो, तो या फरकामुळे.

पण ढकलण्याची ताकद अमर्याद नसते. मात्रा फार वाढली की औषध मेंदूत पोचते. मग लाळ गळते, तोल जातो, थरथर सुरू होते, प्राणी बेशुद्ध पडू शकतो. पिल्लांना आणि आजाऱ्यांना हा धोका जास्त.

अलीकडे इतर पर्यायही वापरात आले आहेत. मॉक्सिडेक्टिन आणि इमिडाक्लोप्रिड यांचे त्वचेवर टाकायचे मिश्रण कॅपेरिनियावर गुणकारी ठरल्याचे कोरियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. कुत्र्यांच्या गोचिडांवर दिले जाणारे फ्लुरालेनर तोंडावाटे एकदाच देऊन एक हेजहॉग बरा झाल्याचे मेक्सिकोतल्या पशुवैद्यांनी २०१७ मध्ये नोंदवले. पण ती एकाच प्राण्याची हकीकत आहे. खास हेजहॉगसाठी मंजूर झालेले माइटचे औषध दुकानात मागून मिळत नाही. इतर प्राण्यांची औषधे पशुवैद्य आपल्या जबाबदारीवर, वजनाच्या हिशेबाने वापरतात.

एक थेंब किती मोठा असतो?

आपल्याकडे जनावरांसाठीचे एक टक्क्याचे आयव्हरमेक्टिन इंजेक्शन औषधांच्या दुकानात सहज दिसते. एक टक्का म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध. गाईगुरांसाठीचे प्रमाण दर किलो वजनामागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोला एक मिलिलिटर.

हेच प्रमाण ४०० ग्रॅमच्या हेजहॉगला लावून पाहू. औषध लागेल ०.०८ मिलिग्रॅम, म्हणजे या द्रावणाचे ०.००८ मिलिलिटर. एक मिलिलिटरच्या बारीक सिरिंजवर सर्वांत लहान खूण ०.०१ मिलिलिटरची असते. म्हणजे लागणारे औषध त्या सिरिंजच्या एका खुणेएवढेही भरत नाही. ‘फक्त एक थेंब’ दिला तर? साधारण थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर त्यात ०.५ मिलिग्रॅम औषध आले: हिशेबाच्या सहापट.

हे गणित घरी डोस काढता यावा म्हणून मांडलेले नाही. घरी डोस का काढू नये, हे कळावे म्हणून मांडले आहे. हेजहॉगसाठी कोणते प्रमाण योग्य, हे पशुवैद्य ठरवतात, औषध ठरावीक प्रमाणात पातळ करतात आणि त्या दिवशीच्या वजनावर मात्रा देतात. पाठीवर टाकायच्या औषधालाही हाच नियम. मांजराची किंवा कुत्र्याची नळी अंदाजाने पिळणे म्हणजे त्याच चुकीला दुसऱ्या दाराने आत घेणे. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांच्या पावडरी आणि फवारे तर हेजहॉगपासून दूरच ठेवावेत.

दुसरी खुरपणी

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. औषध मज्जापेशींवर चालते, म्हणून ते चालत्या-खात्या माइटला मारते. अंड्याच्या कवचाआड नुकता आकार घेणारा जीव त्याच्या तावडीत सापडत नाही. अंडी काट्यांच्या बुडाशी तशीच राहतात, काही दिवसांनी फुटतात, त्यातून सहा पायांची अळी बाहेर येते, ती कात टाकत टाकत आठ पायांची होते आणि साधारण तीन आठवड्यांत पुढची अंडी घालायला तयार होते.

शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पहिली खुरपणी झाली की रान स्वच्छ दिसते, पण तणाचे बी मातीत असतेच. पावसाच्या सरीनंतर ते उगवते. दुसरी खुरपणी लवकर केली तर बी अजून उगवलेलेच नसते. उशिरा केली तर नव्या तणाने पुन्हा बी टाकलेले असते. नेमका मधला काळ साधावा लागतो.

आयव्हरमेक्टिनच्या मात्रा दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने, बहुधा तीन किंवा अधिक वेळा देतात त्या यासाठीच. पहिल्या मात्रेने चालते माइट मेले. दुसरीपर्यंत बरीचशी अंडी फुटलेली असतात, पण त्यातून निघालेले अजून अंडी घालण्याच्या वयात आलेले नसतात. तिसरी मात्रा मागे राहिलेल्यांना गाठते. सेलामेक्टिनसारखे औषध शरीरात अधिक काळ टिकते, म्हणून त्याच्या मात्रांमधले अंतर जास्त असू शकते. खाज थांबली की उरलेल्या मात्रा सोडून देणे, हे रोग उलटण्याचे सर्वांत मोठे कारण. उपचार संपला की नाही, हे प्राण्याच्या चालण्या-बोलण्यावरून ठरवू नये. पुन्हा केलेल्या तपासणीत माइट आणि अंडी दोन्ही दिसेनाशी झाली की मगच थांबावे.

काटे परत येतात, पण त्यांच्या गतीने. त्यासाठी काही आठवडे, कधी महिनेही थांबावे लागते. फार जुन्या, व्रण पडलेल्या जागी ते विरळही राहू शकतात.

पिंजराही रोगी असतो

अंगावरून झडलेल्या कोंड्याबरोबर माइट आणि अंडी अंथरुणात, चाकाच्या खाचांत, लपायच्या घरकुलात पडतात आणि काही दिवस तग धरतात. म्हणून प्रत्येक मात्रेच्या दिवशी पिंजऱ्याची पूर्ण सफाई करावी. लाकडाचा भुसा पिशवीत बांधून घराबाहेर टाकावा. लाकडी, विणलेल्या, सच्छिद्र वस्तू नीट धुता येत नाहीत. त्या टाकून दिलेल्या बऱ्या. कापडी अंथरूण किमान ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावे. चाक, भांडी, पिंजऱ्याचा तळ गरम साबणाच्या पाण्याने घासावा आणि प्राणी परत ठेवण्याआधी सगळे कोरडे करावे.

उपचार चालू असेपर्यंत अंथरूण म्हणून साधे पांढरे किचन पेपर वापरावेत. ते रोज बदलता येतात आणि किती कोंडा, किती काटे पडले हेही त्यांवर लगेच दिसते. घरात आणखी हेजहॉग असले तर त्यांना लक्षणे नसली तरी पशुवैद्यांना दाखवावे. कॅपेरिनिया माणसावर घर करत नाही, पण हातांवरून आणि बाह्यांवरून दुसऱ्या हेजहॉगपर्यंत जाऊ शकतो.

तेल, कडुनिंब आणि हेजहॉगची जीभ

खाज म्हटले की आपला हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. इथे हेजहॉगच्या एका विचित्र सवयीची आठवण ठेवावी. नव्या वासाची वस्तू सापडली की तो ती चावून तोंडात फेस तयार करतो आणि मान वळवून तो फेस जमेल तितक्या काट्यांवर जिभेने फासतो. अंगाला लावलेल्या उग्र वासाच्या पदार्थावरही तो असाच तुटून पडू शकतो. कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल, कापूर, रॉकेल, टी-ट्री तेल यांतले काहीही अंगाला लावले तर त्यातले बरेचसे पोटात जाण्याची भीती असते.

शिवाय तेलाने कोंडा बसतो, त्वचा मऊ दिसते आणि माइट गेले असा समज होतो. त्या समजुतीत दोन आठवडे गेले की अंड्यांना हवा तेवढा वेळ मिळालेला असतो. वारंवार आंघोळ घालणेही टाळावे. त्याने त्वचा आणखी कोरडी पडते आणि ओला हेजहॉग पटकन गारठतो. या प्राण्याला साधारण २४ ते २९ अंश तापमान मानवते. फार थंडीत तो सुस्त पडून धोक्यात येतो.

माइट येऊच नयेत म्हणून

माइट येण्याचे मार्ग मोजकेच आहेत: नवा प्राणी, नवे अंथरूण आणि बाहेर दुसरे हेजहॉग हाताळून आलेले आपले हात. नव्या हेजहॉगला निदान एक महिना वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे आणि आधी जुन्याची कामे उरकून मगच नव्याला हात लावावा. लाकडाचा भुसा वापरायचा असेल तर बंद पाकिटातला घ्यावा. काही जण तो वापरण्याआधी दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवतात. धुता येणारे फ्लीसचे कापड त्याहून सोयीचे. देवदारासारखा उग्र वासाचा भुसा टाळावा, त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहावे. वजनाची घट ही आजाराची खूण असू शकते. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि प्राण्याचे मुके घेऊ नयेत: अमेरिकेत पाळीव हेजहॉगपासून माणसांना साल्मोनेलाची लागण झाल्याच्या साथी नोंदल्या गेल्या आहेत.

आणि एक कायद्याची गोष्ट. भारतात रानात राहणारे हेजहॉगही आहेत, राजस्थान-गुजरातच्या कोरड्या प्रदेशात आणि दक्षिणेत. ते वन्यजीव आहेत. वाटेत दिसला म्हणून उचलून घरी आणू नये. जखमी आढळल्यास वनविभागाला कळवावे.

चौकट: थोडक्यात

• खपली चिकटलेले काटे, डोळ्या-कानांभोवती भुकटी आणि सततची खाज ही माइट्सची नेहमीची लक्षणे. पिल्लांचे काटे बदलणे हा आजार नव्हे.
• बुरशी आणि कोरडी त्वचा अशीच दिसते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आधी.
• औषध अंडी मारत नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेली प्रत्येक मात्रा द्यावी.
• जनावरांचे इंजेक्शन आणि कुत्र्या-मांजरांची औषधे अंदाजाने देऊ नयेत; एक थेंबही जिवावर बेतू शकतो.
• प्रत्येक मात्रेबरोबर पिंजऱ्याची पूर्ण सफाई आणि घरातल्या सगळ्या हेजहॉगांची तपासणी.
• तेल, कापूर, रॉकेल अजिबात नको.

वेळेवर ओळखला तर हा आजार पूर्ण बरा होतो. अडचण होते ती डॉक्टर शोधण्यात. कुत्रे-मांजरे पाहणारा प्रत्येक दवाखाना हेजहॉगला भूल देऊन तपासू शकेलच असे नाही. म्हणून हेजहॉग घ्यायचा विचार करणाऱ्यांनी पिंजरा आणि चाक यांच्या आधी असा पशुवैद्य शोधावा, त्यांचा नंबर जवळ ठेवावा. आपल्या गावात किंवा तासा-दोन तासांच्या अंतरावर असे कोणी नसेल, तर हा प्राणी घरी आणू नये.